लेझरवरचा झेंडूचा हार

१ ऑक्टोबर

आज सकाळी अंघोळ उरकून कोठीच्या फुलबाजारातून झेंडूचा हार घेतला आणि तसाच प्रयोगशाळेत गेलो. खंडेनवमी. लेझरला हळदकुंकू लावलं, काचतंतूच्या वेटोळ्यावर हार ठेवला. कौस्तुभ — आमचा प्रमुख, पुण्याचा, माझ्याहून बराच लहान — म्हणाला, "शिवराजराव, यंत्राला श्रद्धा कळत नाही. डेटा कळतो." हसलो.

तंतूतून प्रकाश फिरतो. त्याचे अतिसूक्ष्म ठोके पडायचे तर तंतू पिळणाऱ्या चकत्या नेमक्या कोनात लागतात. इतकी वर्षं त्या मी हातानं फिरवल्या. आता कौस्तुभचा प्रोग्राम फिरवतो — चाचपतो, जमलं ते लक्षात ठेवतो. दसऱ्याच्या सुटीत त्याला शिकत ठेवून आलो.

६ ऑक्टोबर

शिकला. ठोके अगदी नियमित. कौस्तुभनं पेढे वाटले आणि वर कळवलं — "मानवी हाताविना, कोणत्याही परिस्थितीत चालतो." पुढच्या सोमवारी समिती. तिनं होकार दिला की हा लेझर डोळ्यांच्या दवाखान्यात, शस्त्रक्रियेला.

७ ऑक्टोबर

सुकलेला हार उचलला. ठोके गेले. प्रोग्राम दुपारपर्यंत शोधत राहिला. सापडेना. हार परत ठेवला — आले.

कौस्तुभनं हार बोटानं किंचित उचलून पुन्हा टेकवला. "वजनानं तंतू दाबला जातोय. हा हारासकट शिकलाय." मग हळूच, "राहू द्या तो."

गावच्या शाळेत असा एक होता. सातचा पाढा तोंडपाठ. मास्तरांनी मधूनच "सात सक?" विचारलं की सात एके सातपासून सुरू.

९ ऑक्टोबर

हार आणखी सुकला की आणखी हलका होतो, ठोके डळमळतात. म्हणून रोज ताजा, पण त्या सुकलेल्या हाराच्याच वजनाचा, तराजूवर तोलून. फुलवाला म्हणाला, "क्या साब, इत्ती पूजा तो मंदिर में बी नै होती."

खरेदी विभागानं विचारलं, हार कोणत्या सदरात टाकू? कौस्तुभनं लिहून दिलं — "प्रकाशीय सुटे भाग."

१० ऑक्टोबर

कौस्तुभला म्हणालो, "हार काढून प्रोग्रामला पुन्हा शिकवू. खोली गरम करून, गार करून, तंतू हलवून."

"महिना जाईल. आधी समिती पार पडू दे."

"आणि दवाखान्यात हार कोण घालणार? मध्येच ठोके गेले तर? खाली माणसाचा डोळा असेल."

"थोडी श्रद्धा ठेवा, शिवराजराव."

हे मला!

१२ ऑक्टोबर

देवपूजा करताना मंगलाला सगळं सांगितलं. बायको माझी, लेझर तिनं पाहिलेलाही नाही. कालची फुलं ताम्हनातून उचलत म्हणाली, "अहो, देवावर तरी शिळं फूल ठेवतो का आपण? निर्माल्य ते. ज्यानं वाहिलं त्यानंच उचलायचं. तुम्हीच वाहिलंत ना?"

हो. मीच.

१३ ऑक्टोबर

समितीसमोर हार काढला. ठोके गेले. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे काय होतं?" "निर्माल्य," म्हणालो, आणि सगळं सांगितलं. समितीनं होकार दिला नाही; लेझर दवाखान्यात जाणार नाही.

प्रोग्राम शोधत होता. वळून पाहिलं तर कौस्तुभ पडद्यासमोर उभा — डोळे मिटलेले, हात जोडलेले.