माझं ताट

दिगंबरच्या अप्पांना कमलचा वाकून नमस्कार.

इथं दवाखान्यात मी बरी हाय. खोकला कमी झालाय, वजन वाढायलंय. डॉक्टर नवं संशोधन करायलेत. एकाच औषधाला क्षयाचे जंतू सरावतात आन् मग ते औषध चालंना, म्हणून आमच्या वॉर्डात दोन गोळ्या एकत्र देऊन बघायलेत.

शेवंताच्या भाकरी लई मऊ होतात, असं तुम्ही दोन्ही पत्रांत लिहिलाव. माझीच धाकटी बहीण हाय ती, मला ठाऊक हाय. तुम्ही बी सरावलाव वाटतं.

माझं ताट गोठ्यात ठेवलंय, असं दिगंबरनं कळवलंय. डॉक्टर म्हणतात, हा रोग खोकल्यातून पसरतो, ताटातून न्हाई. तेव्हा ते घासून चुलीपाशी ठेवा. शेवंताला तिचं ताट माझ्या माहेरून, खटकचिंचोळीहून आणायला सांगा, आन् जाताना संगं न्यायला.

दिवाळीला घरी येणारी,
कमल