नाकारलेला पाठिंबा

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आमदारकीचा अर्ज भरल्यापासून माझे दिवस माझे राहिलेले नाहीत. सकाळी दवाखाना उघडायला जावं तर दारात गाईगुरांच्या आधी कार्यकर्तेच बसलेले असतात. काल एका म्हाताऱ्यानं आजारी बोकड आणला, तर आमच्या पोरांनी त्याच्याही गळ्यात माझ्या नावाची पट्टी अडकवली. बोकडानं ती तिथल्या तिथे खाऊन टाकली. बायकोचं म्हणणं, माझा प्रचार पचवणारा तो पहिलाच.

आता मुद्द्याचं. परवाच्या अंकात संपादकांनी पहिल्या पानावर लिहिलंय, की या खेपेला लोकांनी जनावरांच्या डॉक्टरला निवडून द्यावं. कोण संपादक, ते तुला सांगायला नको. भाऊजींना बसच्या अपघातात जाऊन एक दिवसही झाला नव्हता, तेव्हा ज्यांच्या पेपरनं बसचा ड्रायव्हर दारू प्यायला होता असं ठळक अक्षरांत छापलं, तेच. पुढे चौकशीत स्टिअरिंगचा दांडा तुटल्याचं निघालं, रक्तात दारूचा थेंब नव्हता हेही निघालं. ते त्यांनी अकरा वर्षांत छापलं नाही. मध्यंतरी त्यांच्या एका खोट्या बातमीपायी बाजारातली दोन दुकानं जळाली, तेव्हाही त्यांनी हूं की चूं केलं नाही.

आमच्या कचेरीत यावरून दोन तट पडलेत. तरुण पोरं म्हणतात, या माणसाची सावलीसुद्धा आपल्यावर नको, उघड नाकारा. जुनी मंडळी म्हणतात, पेपर चाळीस हजार घरांत जातो, आणि मत कुणाच्या सांगण्यावरून पडलं ते पेटीत दिसत नाही. आपण मागायला गेलो नव्हतो, मग नाकारायचं तरी काय?

तू मात्र डोक्याला त्रास करून घेऊ नकोस. मी बघतो काय करायचं ते. तुला खाली मान घालावी लागेल असं माझ्या हातून काही होणार नाही.

चिमणीचा अभ्यास कसा चाललाय? मामाची आठवण काढते की नाही? तुझी माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागतो.

तुझा,
धाकटा


७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र मिळालं. बोकडाचं वाचून चिमणी खूप हसली. मीही हसले असेन.

माझं नेहमीचंच चाललंय. सकाळी दहा ते सहा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते. सध्या गर्दी आहे, दिवसाला चाळीस काचा होतात. फ्रेमच्या मापाची काच चाकावर धरायची, वरून पाण्याची धार, आणि कड बोटानं चाचपून बघायची, कुठे टवका उडालाय का. मालक म्हणतात, तुमच्या हातची काच परत येत नाही. चिमणीला तेरावं लागलं, माझ्या चपला तिला होतात. पायात कुणाच्या आहेत ते कळेनासं झालंय.

संपादकांबद्दल वाचलं. तुला वाटत असेल माझा जीव खालीवर झाला असेल. तसं काही झालं नाही. पेपर दुकानात येतोच, त्यावर मी काचा पुसते.

एक कर. माझं पुढचं पत्र येईपर्यंत त्या माणसाबद्दल चारचौघांत काही बोलू नकोस, बरं नाही आणि वाईटही नाही. मला तुला एक सांगायचंय आणि ते नीट मांडता येत नाहीये. आठ दिवस थांब. फोन करू नकोस. फोनवर आपण एकमेकांची वाक्यं पुरी करतो आणि मग भांडतो.

तुझ्या मास्तरीणबाईंना सांग, नवऱ्याला दोन वेळा जेवायला बसवत जा, फोटोत गाल बसलेले दिसतात. आशीर्वाद आहेतच, मोजून देत नाही.

तुझी ताई


१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

सांगायचं होतं ते आज लिहिते. ते संपादक तीन तारखेला आमच्या दुकानात आले होते, म्हणजे तुझं पत्र यायच्या आधीच. मला वाटलं चष्मा करायला आले. मालक उठून उभे राहिले, खुर्ची पुसली. ते म्हणाले, मागच्या बाईंना भेटायचंय. मग खोलीत येऊन माझ्या समोरच्या स्टुलावर बसले. म्हातारे झालेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

त्यांनी एक कागद आणला होता. छापायला तयार केलेलं पान. त्यात आमच्या ह्यांचा फोटो, ड्रायव्हरच्या गणवेशातला. खाली चौकशीचा निकाल जसाच्या तसा, दांडा कुठे तुटला तेसुद्धा. आणि शेवटी असं, की त्या वेळी आमच्या पेपरनं दिलेली बातमी खोटी होती, कुटुंबाची आम्ही माफी मागतो. मी दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती. अकरा वर्षांत मी त्यांच्या कचेरीच्या पायऱ्या किती चढले ते तुला ठाऊक आहे. तेव्हा शिपाई आत सोडायचा नाही.

मी विचारलं, आत्ताच का. ते सरळ म्हणाले, की तुमचा भाऊ निवडून येणार आणि मला येणाऱ्याच्या बाजूला राहायचंय. आभार नकोत, स्टेजवर खुर्ची नको, फक्त त्यानं माझा पाठिंबा चारचौघांत झिडकारू नये. मतदानाआधीच्या रविवारी पहिल्या पानावर छापतो. मग त्यांनी मला विचारलं, छापू का?

मी म्हटलं, भावाला विचारून सांगते. ते गेले. हातातल्या काचेचा टवका उडाला होता, ती मी फेकून दुसरी घेतली.

आनंद झाला नाही, रागही आला नाही. म्हणूनच तुला लगेच लिहिता आलं नाही. मला वाटलं, आज ना उद्या काहीतरी वाटेल, मग लिहू. नऊ दिवस वाट बघितली. पण एवढं कळतं की ते छापून यायला हवं. चिमणीला मी अपघात एवढंच सांगितलंय, दारूचं सांगितलेलं नाही. कधीतरी तिच्या कानावर जाईलच. तेव्हा माझ्या हातात दाखवायला ते पान असावं. चौकशीचे कागद कोण वाचतो?

तेव्हा गप्प राहा. तो माणूस वाईट आहे हे मला तुझ्याइतकंच कळतं. त्याचा फोटो लावू नकोस, त्याला नमस्कारही करू नकोस. नुसता गप्प राहा. आयुष्यात तुझ्याकडे पहिल्यांदा काही मागतेय.

प्रकृतीला जप. लोभ दोन्हीकडून आहे, तो असाच चालू दे.

तुझी ताई


१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कधी एकदा तुला सांगतो असं झालंय. काल संध्याकाळी मैदानावर सभा झाली. माणूस मावत नव्हता, लोक भिंतींवर बसले होते. बोलायला उभा राहिलो तेव्हा ठरवलेलं काहीच नव्हतं. रस्ते, पाणी, गुरांचा दवाखाना, सगळं बोलून झालं, आणि कुणीतरी खालून ओरडून विचारलं, की संपादकांचा पाठिंबा घेणार का.

ताई, मग माझा तोल गेला. मी सगळं सांगितलं. माझे भाऊजी बस चालवायचे, वीस वर्षांत एक ओरखडा नाही, आणि या माणसानं त्यांना मेल्यावर दारुडा ठरवलं. माझी बहीण तेव्हापासून मान मोडून काचा घासतेय. अशा माणसाचा पाठिंबा मी पायाखाली घालतो, असं म्हणालो. मग मैदानातून जे उठलं ते अजून कानात आहे. बायका रडत होत्या. आमच्या जुन्या मंडळींनीही मला मिठी मारली.

तुझं सात तारखेचं पत्र परवाच मिळालं होतं. आठ दिवस थांब लिहिलं होतंस. पण तू काय लिहिणार ते मला न वाचताच ठाऊक होतं. माझं नुकसान नको म्हणून तू सगळं गिळून टाकायला सांगितलं असतंस. आजवर तेच करत आलीस. म्हटलं, एकदा तरी भाऊ तुझ्यासाठी उभा राहिला असं होऊ दे.

निकाल काय लागायचा तो लागो. आज मला शांत झोप लागेल. पाठीवर हात ठेव.

तुझा,
धाकटा


१८ मार्च

प्रिय मामा,
सा. न.

आईला न विचारता लिहितेय. तुझ्या भाषणाचा व्हिडिओ शाळेत सगळ्यांच्या फोनवर आहे. मधल्या सुट्टीत मुलींनी मला दाखवला. एकीनं विचारलं, की ड्रायव्हर म्हणजे तुझे बाबा का. मी हो म्हटलं. मग सगळ्या माझ्याशी खूप चांगलं वागायला लागल्या. डबा खातानासुद्धा मला मध्ये बसवलं. ते मला आवडलं नाही.

घरी येऊन आईला विचारलं. तिनं कपाटातून कागद काढले आणि सगळं समजावून सांगितलं, गणित शिकवते तसं. मी विचारलं, की पेपरनं चूक झाली असं कधी लिहिलं का. ती म्हणाली, लिहिणार होते. मग भांडी घासायला गेली. तिनं नीट जेवण केलं, रडली वगैरे नाही. तिला तुझा राग आलाय का ते मला कळत नाही. तुला कळलं तर मला सांग.

आमच्या वर्गात दोन मुलगे म्हणतात, की धूर निघाला म्हणजे काहीतरी असणारच. मी त्यातल्या एकाला मारलं. हे आईला सांगू नकोस.

तू जिंकलास की मला तुझ्या गाडीतून फिरव. माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी,
चिमणी


३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निवडून आलो. चार हजारांहून जास्त मतांनी. तुला कळलंच असेल. सगळे म्हणतात, त्या सभेनं निवडणूक फिरली. जो भेटतो तो भाऊजींबद्दल बोलतो. हार घालतात आणि मला खाली बघावंसं वाटतं.

तुझं बारा तारखेचं पत्र मला पंधराला मिळालं. दवाखान्यात उभ्यानंच वाचलं. एका गाईचं बाळंतपण अडलं होतं, तेव्हा पत्र खिशात ठेवून हात धुतले आणि कामाला लागलो. वासरू जगलं. नंतर पुन्हा वाचलं. पंधरा दिवस झाले, रोज लिहायला बसतो आणि उठतो.

ताई, माझं चुकलं. पण मला खरंच सांग, त्याच्याशी असा सौदा करून मिळवलेल्या माफीला काय अर्थ राहिला असता? आज त्यानं तुला पान दिलं असतं, उद्या माझ्याकडून दुसरं काही मागितलं असतं. मी न मागता त्याचा मिंधा झालो असतो. बायकोशी बोललो, तर ती म्हणाली, की हे ताईंना समजावण्यापेक्षा जाऊन त्यांच्यापुढे बसा. तू म्हणशील तेव्हा येतो.

आता माझ्या हातात काही आहे. त्याला छापायला लावतो, बघच. आणि इथल्या नव्या बसस्थानकाला भाऊजींचं नाव द्यावं असं सगळ्यांचं मत आहे. तू आणि चिमणी कार्यक्रमाला याल ना? दोन ओळी तरी लिही. तुझ्या गप्प बसण्याची मला भीती वाटते.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा


५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

निवडून आलास, बरं झालं. चांगलं काम करशील याबद्दल मला शंका नाही. गाईचं वाचून बरं वाटलं.

निकालानंतर मी दुपारची सुट्टी टाकून त्या संपादकांकडे गेले. या खेपेला शिपायानं अडवलं नाही. त्यांनी चहा मागवला. मी विचारलं, ते पान छापाल का. ते म्हणाले, पान मोडून टाकलं. रागानं म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं, अकरा वर्षांत लोक ती बातमी विसरले होते, पेपरच्या ढिगातसुद्धा ती सापडली नसती. आता तुमच्या भावानं ती आमच्या खपाच्या दसपट लोकांपर्यंत पोचवली. ऐकणाऱ्यातले निम्मे त्याचं खरं मानतील, निम्मे आमचं, आणि आता आम्ही माफी मागितली तर आमदाराला घाबरून मागितली म्हणतील. चहा पिऊन खाली आले. बस मिळाली, बसायला जागाही मिळाली.

तेव्हा तू आता त्याला काही छापायला लावू नकोस. तसं छापलेलं मला चिमणीला दाखवता येणार नाही. आणि स्थानकाला नाव नको. पाटी दिसली की कुणीतरी विचारणार हे कोण, आणि कुणीतरी सांगणार. रोज सांगणार.

तू विचारलंस म्हणून लिहिते. अशा माणसाचा पाठिंबा घेऊ नये, हे तुझं बरोबरच आहे. मी तुझ्या जागी असते तर मलाही किळस आली असती. आठ दिवस थांब म्हणाले आणि का ते सांगितलं नाही, ही माझी चूक, ती मी तुझ्यावर ढकलत नाही. पण तुला तो देत होता ते तुझं होतं, ते तू खुशाल फेकायचं होतंस, तुझ्या नावावर. नको म्हणायला एक शब्द पुरला असता. ह्यांना कशाला मध्ये घेतलंस? मला तो देत होता ते माझं होतं.

बरेच दिवस मला वाटत होतं की काहीच वाटत नाही. परवा काच घासताना एक गोष्ट लक्षात आली आणि चाक बंद करून बसावं लागलं. तो माणूस कसाही असो, त्यानं या वेळी छापायच्या आधी मला येऊन विचारलं. तू बोलायच्या आधी विचारलं नाहीस.

सध्या येऊ नकोस. चिमणीला पत्र लिहीत जा, तिला तू हवा आहेस. मास्तरीणबाईंना माझा निरोप सांग, की समजावण्याबद्दल त्यांचं बरोबर होतं.

लोभ आहे. तो गेला असं समजू नकोस. सध्या तो माझ्या हाताला लागत नाही, एवढंच. लागला की मीच कळवीन.

तुझी ताई