सुनंदाचा गुलाबी फोटो

मंगळवार, संध्याकाळ

आज सुनंदानं मोबाईलवर तिच्या आतड्याचा फोटो पुन्हा दाखवला. गुलाबी, लख्ख, घासून पुसून ठेवलेल्या ताटासारखं आतडं. आतड्याचाही कोणाला हेवा वाटावा? मला वाटून राहिला.

बाबा आतड्याच्या कॅन्सरनं गेले, म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघी बहिणींना कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, करून घ्यायला सांगितली. आदल्या दिवशी फक्त पाण्यासारखं, गाळलेलं प्यायचं होतं. माझी नेमकी चतुर्थी. तसाही उपासच आहे, म्हणून चंद्र पाहून वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी आत सगळीकडे दाण्याचा कूट. "नीट दिसलंच नाही, पुन्हा करावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

"काहून खाल्लं वं ताई? कागदावर सारं लिहून होतं," सुनंदा म्हणाली. आणि परत तो फोटो.

तिच्यात काहीतरी बारीकसं निघायला हवं होतं, असं क्षणभर वाटलं. लिहितानाही लाज वाटते. बाबांचा गोरा रंग तिला, नाक तिला, आता आतडंही साफ. मग बाबांकडून माझ्या वाट्याला काय आलं?

शुक्रवारी कळेल. भूल देतात, सोबत कोणीतरी लागतं. सुनंदालाच सांगितलं. माझा फोटो कसाही निघाला, तरी आधी तिनंच पाहावा.