दोनशे पानांच्या पातेल्याचा प्रामाणिक खरेदीदार

पिंप्राळा, जळगाव
रविवार, दि. २४ एप्रिल १९९४

ती. लोटनभाऊ यांस,

पंडितचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? तिळाचं तेल चालू आहे की पुन्हा त्या मलमावर पैसे घालवताय? वहिनींना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांनी गेल्या वर्षी पाठवलेलं लोणचं अजून पुरवून खातोय हेही सांगा. (संपलं म्हणालो तर दुसरं पाठवतील, आणि आणून द्यायला कोणी येणार नाही, पार्सलच येईल.) माझी प्रकृती ठणठणीत आहे. डॉक्टरांना तसं वाटत नाही, पण ते त्यांचं मत.

पत्र लांबेल, तेव्हा चष्मा लावून खाटेवर बसा. धुळ्याच्या कोर्टात तुम्ही तीस वर्षं वकिलांकडे कारकुनी केलीत, आणि वकिलांना कायदा तुम्हीच सांगायचात, असं सुनंदा मला दर भांडणात ऐकवायची. म्हणून तुम्हालाच विचारतो. लिलावात उघड बोली लावून घेतलेली वस्तू चोरीची निघाली, आणि घेणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नव्हती, तर त्या घेणाऱ्याचा हक्क काय? (घेणारा मीच. हसू नका.)

झालं असं, की एस.टी.च्या पासच्या खिडकीत एकतीस वर्षं काढल्यावर माणसाला समोर रांग नसली की चुकल्यासारखं होतं. सुनंदा गेल्यापासून मी जिथे गर्दी दिसेल तिथे जाऊन उभा राहतो. डिसेंबरात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात कोणी सोडवून न नेलेल्या मालाचा लिलाव होता. मला सुतळीचा तोडासुद्धा घ्यायचा नव्हता. पण तिथे एक पितळेचं पातेलं दिसलं, दोनशे पानांचं वरण सहज शिजेल एवढं. काठावर नाव घातलेलं होतं. बरंचसं कानशीने घासलेलं, पण आधी 'पं' आणि थोडं पुढे 'म' ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. पं. म.! म्हणजे पंडित महादू! आता तुम्हाला तर ठाऊकच आहे, आमच्या घरात ज्या भांड्याला हात लावावा त्यावर तुमच्या घराण्यातलं कुणीतरी बसलेलं असतं. चहाच्या पातेलीवर खुद्द तुम्ही ('लोटन दगा पाटील यांजकडून चि. सुनंदास सप्रेम'), तांब्यावर तुमचे आबा, आणि परातीवर तुमच्या सोनगीरच्या आत्याबाई, ज्यांना मी जन्मात एकदा पाहिलं, पण रोज त्यांच्या नावावर कणीक मळतो. अडतीस वर्षांच्या संसारात माझ्या नावाचं एक फुलपात्र नाही. तेव्हा माझा हात आपसूक वर गेला. दुसऱ्या कोणी बोली वाढवली नाही, तिथेच मला शंका यायला हवी होती. मला वाटलं, लोकांनी नाव वाचून माझा मान राखला.

पातेलं हातगाडीवरून घरी आलं, पण स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना. म्हणून पुढच्या खोलीत पालथं घातलं. हे पत्र मी त्याच्यावरच लिहितो आहे. (पूर्णविराम जोरात दिला की ठण्ण आवाज येतो.) आत एका माणसाची खिचडी आणि बाहेर दोनशे माणसांचं पातेलं, असा संसार महिनाभर चालला. मग जानेवारीत पोलीस आले. माझं 'पं. म.' म्हणजे 'पंच मंडळ' निघालं; 'मं'वरचं टिंब कानशीत गेलं होतं. पारोळ्याकडच्या एका गावाची ती लग्नाकार्याची भांडी. कल्हईला जळगावला पाठवलेली, ती कल्हईवाल्याच्या अंगणातून गेली, आणि चोराने त्यातलं पातेलं खोट्या नावाने त्या ट्रान्सपोर्टमध्ये टाकून पोबारा केला. पोलिसांनी ते टेम्पोत घालून ठाण्यात नेलं. तिथे तीन दिवसांत दोन हवालदारांचे गुडघे त्यावर फुटले. शेवटी कोर्टाने निकाल लागेपर्यंत ते माझ्याकडेच सुपुर्तनाम्यावर ठेवायला दिलं. म्हणजे मी लिहून दिलं, की विकणार नाही, मोडणार नाही, बोलावाल तेव्हा हजर करीन. सुनंदाच्या बाबतीत माझ्याकडून असं काही कोणी लिहून घेतलं नव्हतं.

इथले रतिलाल वकील म्हणतात, काका, चोराच्या मालकीचं जे नव्हतं ते तुमच्या मालकीचं होणार कसं? तुमचा हक्क पातेल्यावर नाही, ज्याने विकलं त्याच्यावर आहे. पैसे त्याच्याकडून मागू. तुम्ही प्रामाणिक खरेदीदार आहात, म्हणून तुम्हाला चोर कोणी म्हणणार नाही, एवढाच तुमचा फायदा. मी म्हटलं, तरी माझी हरकत नोंदवा. त्यांनी नाइलाजाने नोंदवली, आणि तारखा सुरू झाल्या.

पहिल्या तारखेनंतर गावचे पंच पातेलं जागेवर आहे ना ते बघायला घरी आले. सात माणसं! पुढे वनाआबा म्हणून सत्तरीचे गृहस्थ, आणि साक्षीदार म्हणून भिकुबाई. ही बाई गावातल्या दर लग्नाचं वरण त्याच पातेल्यात रांधत आलेली. बुडाच्या पोच्यावरून हात फिरवत तिने तो कोणाच्या हळदीला कसा पडला ते सांगितलं, आणि मग सगळं घर न्याहाळून मला विचारलं, "एकलाच ऱ्हातस का, भाऊ?" मी घाईघाईने सांगितलं की प्रश्न कायद्याचा आहे. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी माझ्याकडे शेवभाजी झाली, भाकरी झाल्या, सात माणसं पातेल्याभोवती बसून जेवली, आणि दोघांचं तर माझ्याच ओसरीवर कडाक्याचं भांडण झालं. लोटनभाऊ, इतका आवाज या घरात दोन वर्षांत झाला नव्हता. तेव्हापासून चार तारखा झाल्या. दर तारखेला ते येतात. तारखेच्या आदल्या दिवशी मी घर झाडतो, दोन पेले जास्तीचे घासतो. गेल्या खेपेला वनाआबा म्हणाले, "भांडं आमनं शे, हाई तुम्हले बी माहीत शे. मंग तारखा कसाले, भाऊ?" आखाजीच्या सणानंतर त्यांच्या नातीचं लग्न आहे, आणि गावात उरलेली भांडी लहान आहेत. मी 'हरकत नाही' म्हणून सही केली की पातेलं त्यांचं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

तर खरेदीदाराचे हक्क सविस्तर कळवा. गुरुवारी तारीख आहे.

आपला,
पंडित

ता. क. १: खोटं कशाला लिहू? मला पातेलं नको आहे. मी जिंकलो तरी ती माणसं यायची थांबणार, हरलो तरी थांबणार. खटला जिंकूही नये आणि हरूही नये, नुसत्या तारखा पडत राहाव्यात, असं एखादं कलम तुमच्या पाहण्यात असेल तर तेवढंच कळवा. सुनंदा गेल्यावर तुम्ही आला नाहीत, याचा मी राग धरलेला नाही. बहीणच नाही तर यायचं कोणाकडे? पण घर खायला उठतं, हे खरं.

ता. क. २: (गुरुवार, संध्याकाळ.) पत्र टाकायचं राहिलं, आता कलम शोधू नका. कोर्टात वनाआबा पागोटं मांडीवर ठेवून बसले होते. नातीच्या लग्नाच्या काळजीने ते मागच्या खेपेपेक्षा वाळलेले दिसले, आणि मला माझीच लाज वाटली. साहेबांनी विचारलं, हरकत आहे का? मी म्हणालो, आहे, पण पातेल्याला नाही. रतिलाल वकिलांनी माझ्या पायावर पाय दिला. मी सही केली. दुपारी ट्रॅक्टर आला आणि पातेलं गेलं. हे मांडीवर वही ठेवून लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्या.

ता. क. ३: जाताना भिकुबाईने लग्नाची पत्रिका हातात दिली. वर माझं नाव पेनने लिहिलं आहे, आणि खाली छापलं आहे, 'सहकुटुंब सहपरिवार यावे'. सहकुटुंब जाणं तर आता माझ्या हातात राहिलं नाही. पारोळा तुम्हालाही एका एस.टी.चा, मलाही. लोटनभाऊ, माझा परिवार म्हणून तुम्ही येता का?