मंगलच्या खुणांची कॉपी

४ डिसेंबर, शुक्रवार
कॉम्प्युटर परत अडकला. सलीमभाई दुकान सोडून आले, पाहिलं. "मॅडम, व्हायरस भरलाय पूर्ण. फॉरमॅट मारून नवी सिस्टीम टाकावी लागेल. पहिले आपला डाटा काढून घ्या, बाद में मेरे को मत बोलना."

डाटा म्हणजे मंगलचे व्हिडिओ. बाकी प्रश्नपत्रिका वगैरे गेल्या तरी चालेल. मंगल माझी नणंद, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. घरात आमचं सगळं खुणांनी, आणि त्या खुणा बाहेर कुणाला कळत नाहीत. खकनारच्या दिनेशनं तिला पसंत केलं, पण त्याच्या आईचं एकच: "आमच्या घरात हिच्याशी बोलेल कोण?" तो म्हणाला, "मी शिकतो." म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एकेक खूण कॅमेऱ्यात घेतली. आधी ओढणीआड लपायची, मग अशी रंगली की थांबेना!
१३ ला दिनेश व्हिडिओंची सीडी घ्यायला येतोय.

५ डिसेंबर, शनिवार
डेस्कटॉपवरचं 'मंगल' फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकलं. क्षणात झालं. लावून पाहिलं, सगळे व्हिडिओ चालले. मंगल स्वतःलाच बघून हसत बसली.
ह्यांना गावी, देडतलाईला फोन. मळ्यात होते. म्हणाले, "झालं ना? मग लाव सलीमला कामाला."
सोमवारी दुपारी बोलावलंय.

७ डिसेंबर, सोमवार

शाळेत सीडी करायला पेन ड्राइव्ह लावला. एकही व्हिडिओ उघडेना. 'फाइल सापडत नाही.' संगणकाच्या सरांनी पाहिलं. "मॅडम, हे तर नुसते शॉर्टकट आहेत. असली फाइली तुमच्या मशीनमध्येच." म्हणून घरी चालत होते!
आणि घरी सलीमभाई पोचलेले. त्यांचा फोन लागेना. मंगलला फोन करून उपयोग काय? रिक्षा केली, लोधीपुऱ्यात घरी पोचेपर्यंत नुसता देवाचा धावा.
दारातून पाहते तर मंगल कॉम्प्युटरसमोर मांडी ठोकून, सलीमभाई बाजूला चहा पीत. "पुसू का म्हणून हातानं विचारलं, तर दीदीनं माझा हातच धरला. उठतच नाहीत."
तिला काही माहीत नव्हतं. तिला फक्त पुसणं पसंत नव्हतं.
मी तिला घट्ट मिठी मारली. सलीमभाईंनी दुसरा कप मागितला.

९ डिसेंबर, बुधवार
असली फाइली दुसऱ्याच फोल्डरमध्ये निघाल्या. सलीमभाईंच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी लावली. अर्ध्यात लाइट गेली. परत पहिल्यापासून. शिवाय डीव्हीडीवर वेगळी कॉपी, ती शाळेच्या कपाटात राहील. मराठी फाँटही आठवणीनं घेतला.
आता दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट नाही. म्हणजे नाही.

१० डिसेंबर, गुरुवार
शाळेत एकेक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. एक मधेच थांबत होता, तेवढी डीव्हीडी परत केली.
मागे स्टाफ गोळा! देडतलाईची खूण (बसमध्ये बसून हादरे खायचे) पाहून हसून हसून पुरेवाट. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी शिपायाकडे चहा मागितला, तोही खुणेनं. घरी मंगलला करून दाखवलं, तर तिनं मोठ्या बाईंची चूक काढली. बोटं वर हवीत म्हणे.

११ डिसेंबर, शुक्रवार
फॉरमॅट झालं. पडदा काळा झाला तेव्हा मंगलनं माझं मनगट पकडलं. नवी सिस्टीम आली, फाइली परत टाकल्या. पहिल्याच व्हिडिओत ती आणि तिची ओढणी. जिवात जीव आला. मशीन पळतंय नुसतं.

१३ डिसेंबर, रविवार
दिनेश आला, आणि न सांगता त्याच्या आईही आल्या.
सगळ्यांनी मिळून व्हिडिओ पाहिले. दिनेश केळं सोलायची खूण करायला गेला, ते दात घासल्यासारखं झालं. मंगलनं त्याची बोटं धरून नीट केली. सोडायला जरा वेळच लावला. मी पडद्याकडे बघत राहिले.
आईंचा अजून होकार नाही, नकार नाही. सकाळीच देडतलाईहून आलेल्या ह्यांनी विचारायला तोंड उघडलं, मी डोळ्यांनी दटावलं.
निघताना त्या दारात थांबल्या. मंगलकडे वळून हातांनी काहीतरी केलं. आमच्या कुठल्याच व्हिडिओत नसलेलं. मंगलनं लगेच उत्तर दिलं, तेही मी कधी न पाहिलेलं. दोघी हसल्या. गाडी गेली.
मी विचारलं, काय म्हणाल्या?
मंगलनं हात झटकला: तुला काय करायचंय?
ही खूण तेवढी मला कळली.