शेजारची घोरली तर

२ डिसेंबर, शनिवार

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतं. आई गेल्यापासून मी तुला पत्र लिहिलेलं नाही, फोनही केलेला नाही. तेव्हा माझं अक्षर बघून दचकशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत.

पत्राचं कारण असं, की येत्या शुक्रवारी मी एका योग शिबिराला चालले आहे. खेड्यात आहे, शेतांच्या मधोमध. मी, आणि योग! तुझ्या दादाने परस्पर नाव नोंदवलं. दरवर्षी वाढदिवसाला ऑफिसात फुकट मिळालेली डायरी देणारा माणूस एकाएकी इतका उदार झाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"तुला विश्रांतीची गरज आहे," म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तोंड बघ आरशात."

माहितीपत्रकात लिहिलंय, 'आवश्यक ते सर्व येथे मिळेल.' असं लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. म्हणून मी स्वतःचं कुलूप, उशीचा अभ्रा, टॉर्च, पित्ताच्या गोळ्या आणि कपडे वाळत घालायला दोरी घेतली. दादा म्हणतो, शिबिराला चाललीस की मोहिमेवर?

काल तो आणि वहिनी बॅग भरायला मदत करायला आले. मदत म्हणजे मी भरलेली बॅग उपसून पुन्हा भरणं. वहिनीने सैल सुती पायजमे आणले होते. एक माझ्या मापाचा, बाकीचे चांगले वीतभर आखूड. "दुकानदाराने घोळ केला वाटतं," म्हणत तिने ते घाईघाईने आपल्या पिशवीत कोंबले. मला तुझी उंची आठवली.

मग दादाने खिशातून एक डबी काढली. कानात घालायचे मेणाचे बोळे.

"हे कशाला?"

"खोलीत दुसरी कोणी असेल ना. शेजारची घोरली तर?"

"ती घोरते हे तुला कसं माहीत?"

"घोरते कुठे म्हटलं? घोरली तर म्हटलं."

"आणि नाही घोरली तर?"

"तर नाही घोरली! काय गं ताई, वकिलासारखी मागे लागतेस."

वहिनी म्हणाली, "अहो, तुम्ही जरा खाली गाडीत जाऊन बसा बघू."

तेव्हा सरळच विचारते. ती शेजारची तूच ना? तुला त्याने काय सांगितलं? ताई तिथे नसेल असं, की ताईनेच बोलावलंय असं? दोन्ही खोटं आहे.

मी रागावून लिहीत नाही. ते दोघं गेल्यावर मी डबी हातात घेऊन बसले होते. आपण एका खोलीत झोपायचो तेव्हा तुझं घोरणं पार स्वयंपाकघरात ऐकू यायचं. आई म्हणायची, हिला नवरा बहिराच बघावा लागेल.

आई गेली त्या रात्री तू म्हणालीस, "ताई, इतके महिने तूच केलंस, आज तू पड. मी बसते." मी शेजारच्या खोलीत जाऊन पडले. सकाळी तू सगळ्यांना सांगितलंस, माझा डोळा लागला, मला कळलंच नाही. लोक तुला नको नको ते बोलले. दादाही बोलला. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. मी एक शब्द बोलले नाही. तुला वाटलं असेल, ताईलाही तसंच वाटतंय.

मला तसं वाटत नव्हतं. मला झोप लागलीच नव्हती, आणि भिंतीपलीकडून तुझ्या घोरण्याचा आवाज आला नाही. एकदाही नाही. मी निर्धास्त पडून राहिले, की धाकटी जागी आहे म्हणजे आईकडे लक्ष आहे.

तू जागी होतीस. आई गेली तेव्हा तू तिच्याजवळ होतीस आणि मला हाक मारली नाहीस. मधे एक भिंत होती फक्त. उलट, 'मी झोपले होते' असं सांगून सगळा दोष अंगावर घेतलास. कशासाठी? तुझ्या मनानेच मला बोलावलं नाहीस, की आई नको म्हणाली?

तिची कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं, सगळं माझ्याकडे होतं. औषध थुंकली की मी ओरडायचे. दमलेली असायचे, फार ओरडायचे. शेवटी तिला मी समोर नको होते का? एवढंच मला हवंय. आजवर कोणाजवळ बोलले नाही.

तिथे दुसऱ्या दिवसापासून मौन पाळायचं असतं. शाळेत रजेचा अर्ज देताना हे सांगितलं, तर आमच्या हेडक्लार्क बाई म्हणाल्या, "मग तुम्हाला काय नवीन?" पण पहिल्या संध्याकाळी बोलता येतं. तू ये. आल्या आल्या सांग, सामान उघडायच्या आधी. ताईला सोसेल तेवढंच, असं करू नकोस. जे असेल ते सगळं.

आणि 'डोळा लागला' हेच पुन्हा सांगायचं असेल, तर येत नाही असं दादाला कळव. मी त्या खोलीत एकटी राहीन.

त्या रात्री जागीच असलेली,
तुझी ताई