काठीचे दोन अर्थ

सुमेधा,

चहा न घेताच अंबडच्या गाडीनं निघालो. तुझ्यासमोर बसून घोट खाली उतरला नसता. दूध तापवून ठेवलंय.

काल इंग्रजीच्या तासाला गल्लीतल्या पोरींसमोर मी तुला भिंतीला उभं केलं. 'The old man hit the thief with the stick' या वाक्याचे तू दोन अर्थ लिहिले होतेस: काठी म्हाताऱ्याच्या हातात, न्हाईतर चोराच्या. मी दुसरा खोडला. वरून 'सून म्हणून सूट मिळायची न्हाई' असंही बोललो. पोरी खिदळल्या.

खरं सांगतो, तुझी वही वाचली तेव्हाच कळलं होतं, दोन्ही अर्थ बराबर आहेत. पण तीस वर्षं 'एका वाक्याचा एकच अर्थ' म्हणून शिकवत आलो. आता सुनेपुढं चुकलो म्हणायला जीभ रेटली न्हाई.

आज पाचचा तास तूच घे. खडू कोनाड्यात आहेत. तेच वाक्य फळ्यावर लिही. तोवर मी येतोच. चुकणाऱ्यानं तास संपेस्तोवर भिंतीला उभं राहायचं, हा नियम माझाच आहे. मी उभा राहीन.

पोरी हसल्या तर त्यांना गप्प करू नकोस.

मामा